पट्टा घेताना अस्सल लेदर, बॉन्डेड आणि रेक्झिन कसं ओळखायचं?

तुम्हाला दुकानात दोन पट्टे दाखवले, दोन्हींवर 'लेदर' लिहिलेलं, पण भाव दुप्पट. अशा वेळी पट्ट्याची भोकं बघा. कडेला रंग मारलेला असतो, त्यामुळे कडेवरून हमखास फसायला होतं. भोकाच्या आत सहसा कुणी रंग लावत नाही. आत गच्च, एकसंध तंतू दिसले तर कातडं. कापड किंवा फोम दिसला तर रेक्झिन. पुठ्ठ्यासारखा चुरा दिसला तर बॉन्डेड, म्हणजे कातड्याचा भुगा सांधून केलेला माल. कित्येक पट्ट्यांत वरखाली पातळ कातडं आणि मध्ये बॉन्डेड भरतात, तेही इथेच कळतं.

मी धारावीत पट्टे-पाकिटांच्या कामात आहे आणि माझा खरा राग या बॉन्डेडवर आहे. कातड्याच्या कातरणाचा भुगा करतात, तो पॉलियुरेथेन किंवा लॅटेक्सने सांधून तक्ते काढतात, वरून दाण्याचा, म्हणजे कातड्यावरच्या बारीक नक्षीचा, ठसा उमटवतात. कातड्याचा अंश असल्याने वासही येतो, म्हणून नुसत्या वासावर जाऊ नका. कातड्याची ताकद एकमेकांत गुंतलेल्या लांब तंतूंत असते. भुगा केला की तीच गेली. मग बकलापाशी, जिथे पट्टा रोज दुमडतो, तिथे आधी चीर पडते. नाव लेदरचं, आयुष्य रेक्झिनचं, हे मला पटत नाही.

'जेन्युइन लेदर' हा शिक्काही दर्जाचा नव्हे. जाड कातडं मशीनवर आडवं चिरतात. वरचा दाण्याचा थर टिकाऊ. खालच्या थरावर, म्हणजे स्प्लिटवर, पीयू (पॉलियुरेथेन) चढवलेला मालही याच नावाने विकतात. वरचा दाण्याचा थर न घासता ठेवलेलं कातडं म्हणजे फुल ग्रेन, म्हणून 'फुल ग्रेन आहे का?' असं स्पष्ट विचारा. पट्ट्यासाठी पाठीकडचं कातडं चांगलं, पोटाकडचं ताणतं.

रेक्झिन वाईटच असं मी म्हणणार नाही. शाळेचं दप्तर, स्कूटरची सीट, पावसात भिजणाऱ्या वस्तू यांना पीव्हीसीचं रेक्झिन उत्तम. पीयूचं रेक्झिन मात्र दमट हवेत कपाटात पडल्या पडल्याही विरतं, पोपडे सुटतात. मुंबई-कोकणात हे फार होतं. 'व्हेगन लेदर' म्हणून मिळतं तेही बहुतेक वेळा पीयू किंवा पीव्हीसीच.

रोज ऑफिसला वापरायचा असेल तर एकाच थराचा, फुल ग्रेनचा पट्टा घ्या. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. बुरशी आलीच तर सुक्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा.