खाऱ्या पाण्याची टाकी, पण रोजची कटकट नको: सुरुवात कशी करावी?

तुमचा प्रश्न असा आहे: घरात खाऱ्या पाण्याची छोटी टाकी हवी, थोडे मासे आणि थोडं कोरल असावं, पण आठवड्याला तासाभरापेक्षा जास्त वेळ देता येणार नाही, आणि अधूनमधून आठवडाभर घर बंद असतं. कुठली यंत्रं घ्यावीत?

यंत्रांची यादी शेवटी ठरवू. टाकीचं काम कमी की जास्त, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: टाकीत किती तोंडं पोसायची आहेत, आणि उडून गेलेलं पाणी कोण भरणार. मासे तीनच ठेवा आणि पाणी भरायचं काम यंत्रावर सोपवा. एवढं केलंत तर स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), रिॲक्टर (पाणी गाळणारं माध्यम भरलेली नळी), डोसिंग पंप (ठरलेलं द्रावण थेंबथेंब टाकणारा पंप) यांतलं बहुतेक काही लागणार नाही.

आधी आकार. मी ७५ × ४५ × ४० सेंटीमीटरची, मागच्या बाजूला फिल्टरचे कप्पे असलेली टाकी सुचवेन. बाहेरून माप १३५ लिटर भरतं, पण वरची मोकळी जागा, खडक आणि वाळू वजा केली की प्रत्यक्ष पाणी ११० लिटरच्या आसपास राहतं. पुढचे सगळे हिशेब या ११० वर आहेत. वीस-तीस लिटरची टाकी नवख्याला सोपी वाटते, पण तिथे एक मासा मेला किंवा एक दिवस पाणी भरायचं राहिलं तरी सगळे आकडे हलतात. भरलेल्या टाकीचं वजन स्टँडसकट पावणेदोनशे किलोच्या घरात जाईल, म्हणून जागा सपाट आणि भक्कम हवी, थेट उन्हापासून लांब. प्लगची जागा टाकीच्या खाली किंवा मागे नको, बाजूला घ्या. प्रत्येक वायर प्लगच्या खाली थोडी लोंबती ठेवा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं खारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकेल. अर्थिंग आणि विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच या दोन्ही गोष्टी मात्र हव्यातच.

आता उडणाऱ्या पाण्याकडे येतो. नवख्यांच्या टाक्या सर्वांत जास्त इथेच बिघडतात. पाणी उडतं, मीठ उडत नाही. समजा रोज २ लिटर पाणी उडालं, आठवड्याला १४. तर ३५ पीपीटीचं (म्हणजे हजार भागांत ३५ भाग मीठ, समुद्राइतकं) पाणी ९६ लिटरमध्ये आटून ४० पीपीटीवर जातं. कोरल मिटतं, गोगलगायी काचेवरून खाली पडतात. त्यात मागच्या कप्प्यांच्या टाकीत एक खोच आहे. समोरच्या भागातली पातळी तशीच राहते, कारण तिथलं पाणी जाळीवरून मागे सांडत असतं. सगळी घट दिसते ती पंप असलेल्या शेवटच्या कप्प्यात. तो कप्पा १५ × १० सेंटीमीटरचा असेल, तर २ लिटर म्हणजे तिथे १३ सेंटीमीटरची घट. एका दिवसात पंप हवा ओढायला लागतो, घरघर सुरू होते, टाकीभर बारीक बुडबुडे पसरतात.

म्हणून पहिला खर्च एटीओवर करा, म्हणजे पातळी उतरली की आपोआप गोडं पाणी भरणाऱ्या यंत्रावर. सेन्सर त्या शेवटच्या कप्प्यातच लावायचा. साठ्याचा डबा १४-१५ लिटरचाच घ्या. मोठा डबा सोयीचा वाटतो, पण सेन्सर अडकला आणि अख्खा डबा टाकीत रिकामा झाला तर काय होईल ते आधी मोजा. १४ लिटर गोडं पाणी ११० मध्ये मिसळलं तर खारेपणा ३१ वर येतो. जीव त्यातून तरतील. ४० लिटर मिसळलं तर २६ वर येईल आणि पाणी जमिनीवर सांडेल ते वेगळंच. अट एकच, आधी ११० लिटरच्या खुणेच्या वर आणखी १४ लिटर मावतात का ते बघा. मावत नसतील तर डबा त्या हिशेबाने लहान घ्या. नळीचं तोंड नेहमी पाण्याच्या वर, हवेत ठेवा. पाण्यात बुडालं तर पंप बंद झाल्यावर सायफन लागतो, म्हणजे नळीतून पाणी आपोआप वाहत राहतं, आणि डबा खाली असेल तर टाकीतलं खारं पाणी उलटं त्यात उतरतं. सेन्सर आठवड्यातून एकदा बोटाने पुसा. त्यावर मिठाचा थर किंवा एखादी गोगलगाय बसली की तो खोटं सांगतो.

पाणी कुठलं, हे पुढचं. नळाचं नाही, आणि स्वयंपाकघरातल्या आरओचंही थेट नाही. पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी क्षार मुद्दाम परत मिसळतात, त्यामुळे टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) पन्नास-शंभर सहज दाखवतो. पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा) टप्पा असलेला फिल्टर हवा आणि मीटरवर ० यायला हवा. ० च्या जागी ३-४ दिसायला लागले की रेझिन बदला. सिलिकेट आणि फॉस्फेट हे असे थर पोसणारे क्षार अशाच वाटेने आत येतात, आणि मग महिनोन्‌महिने काचेवर तपकिरी थर का बसतो हे कळत नाही.

मीठ मत्स्यालयासाठीचंच, लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम; पाकिटावरचं प्रमाण बघा. पहिल्या भरणीला ४ किलोच्या आसपास लागेल. मीठ पाण्यात टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. तसं केलं तर कॅल्शियमचा पांढरा गाळ बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. छोटा पंप सोडून काही तास फिरवा, मग मोजा. ३५ पीपीटी म्हणजे २५ अंशाला १.०२६ घनता. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून खारेपणा दाखवणारं उपकरण) घ्या, पण तो ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवा. शुद्ध पाण्यावर शून्य बरोबर दाखवणारं उपकरण ३५ ला दोन अंक चुकू शकतं, आणि आपल्याला शून्य कधीच मोजायचं नसतं.

खडक १० ते १२ किलो. कोरडा खडक मला जास्त पसंत आहे, कारण त्यातून नको ते पाहुणे येत नाहीत. फक्त टाकी परिपक्व व्हायला जास्त वेळ लागतो. खडक आधी काचेवर ठेवा, वाळू नंतर ओता, नाहीतर वाळू उकरणारा मासा खालची जागा पोकळ करतो आणि रचना कोसळते. काच आणि खडक यांत सगळीकडून किमान पाच-सहा सेंटीमीटर सोडा, म्हणजे काच घासायचा चुंबक आरामात फिरेल. या एका गोष्टीमुळे पुढे वर्षानुवर्षं वेळ वाचतो. वाळू अरागोनाइटची (कॅल्शियमयुक्त खनिजाची), १-२ मिलिमीटर दाण्याची, दोन-अडीच सेंटीमीटर थर. दहा किलो पुरते. पिठासारखी बारीक वाळू वेव्हमेकरसमोर (टाकीत प्रवाह करणाऱ्या पंपासमोर) उडत राहते.

बाकीचं सामान थोडक्यात. परतीचा पंप, म्हणजे मागच्या कप्प्यातलं पाणी समोर आणणारा, तासाला ६०० ते ८०० लिटरचा, आणि समोर एक वेव्हमेकर दीड-दोन हजार लिटरचा. पाण्याचा पृष्ठभाग हलताना दिसला पाहिजे, ऑक्सिजन तिथूनच येतो. तापमान २५ अंशांच्या आसपास. हीटर १५० वॉटचा एक घेण्यापेक्षा ७५ चे दोन घ्या आणि दोन्ही वेगळ्या कंट्रोलरवर चालवा. हीटर बिघडतो तो बहुधा चालू स्थितीत अडकून. दोनपैकी एकच अडकला तर पाणी लगेच उकळीला लागत नाही, तुम्हाला वेळ मिळतो. खोली गरम असेल तर पाण्यावर फुंकणारा पंखा दोन-तीन अंश उतरवतो, पण उडणारं पाणी वाढतं. तो हिशेब एटीओच्या डब्यात धरा. दिवा टायमरवर, आठ तास. फिल्टरमध्ये कापसासारखा फ्लॉस आणि थोडा कार्बन, बस्स. जिवाणूंना जागा म्हणून विकले जाणारे बायोबॉल (प्लास्टिकचे गोळे) किंवा सिरॅमिकच्या नळ्यांचे थर भरू नका. खडकच ते काम करतो, आणि त्या थरांमध्ये साचलेली घाण नायट्रेट (घाण कुजून शेवटी उरणारा क्षार) वाढवत राहते.

मग थांबायचं. माशांच्या घाणीतून विषारी अमोनिया होतो; त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत आधी वाढायला हवेत. बाटलीतले जिवाणू आणि अमोनियम क्लोराइड टाकून अमोनिया २ पीपीएमवर (दहा लाख भागांत २ भाग) न्या. रोज मोजायची गरज नाही, दोन-तीन दिवसांनी मोजा. २ पीपीएम अमोनिया टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार. याला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. या काळात आणि नंतरही वाळूवर तपकिरी पावडर येईल, मग हिरवं शेवाळ येईल. ते येतं आणि ओसरतं. घाबरून औषध ओतणं, पाणी रोज बदलणं, दिवा आज बंद उद्या चालू करणं, यांनी तो काळ फक्त लांबतो.

मासे तीन. मी घेईन ते असे: आधी एक फायरफिश किंवा रॉयल ग्रॅमा, महिन्याने ऑसेलारिस क्लाउनफिशची जोडी, पैदास केंद्रातली. शांत मासा आधी यायला हवा, कारण क्लाउन जागेवर हक्क सांगतात. जोडी घेताना दोन लहान पिल्लं निवडा, एक दुसऱ्यापेक्षा ठळक मोठं. क्लाउन जन्मतः नर असतात. मोठा होतो तो मादी बनतो आणि धाकटा नर राहतो. दोन पूर्ण वाढलेल्या माद्या एकत्र टाकल्या तर मारामारी ठरलेली. फायरफिश उडी मारतो, तेव्हा वर जाळीचं झाकण हवंच. काचेचं नको, हवा कोंडते. ब्लू टँग कितीही सुंदर असला तरी या टाकीत नाही, त्याला पोहायला जागा लागते. मँडरिनही नाही; तो दिवसभर कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपतो आणि इतक्या छोट्या टाकीतले ते लवकर संपवून उपाशी मरतो. समुद्रफूल (ॲनिमोन) तर वर्षभर विसरा. ते चालत जाऊन वेव्हमेकरमध्ये अडकतं आणि सगळं पाणी नासवतं.

प्रत्येक नवा मासा आधी वेगळ्या छोट्या टाकीत चार आठवडे ठेवा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणारा परजीवी मुख्य टाकीत शिरला, तर सगळे मासे बाहेर काढून ती टाकी जवळजवळ अडीच महिने माशांविना ठेवावी लागते. त्यावरचं तांब्याचं औषध फक्त त्या वेगळ्या छोट्या टाकीतच वापरायचं. मुख्य टाकीत पडलं तर गोगलगायी, कोळंबी आणि कोरल मरतात, आणि खडकात मुरलेलं तांबं पुढेही त्रास देतं.

सफाईला चार-पाच ट्रोकस गोगलगायी, तीन नासारियस आणि हवी तर एक क्लीनर कोळंबी. एवढ्याच. जास्त आणल्या तर उपासमारीने मरून त्याच घाण करतात.

कोरल तीन महिन्यांनंतर आणि मऊच: मशरूम, झोअँथिड, केनिया ट्री. यांना कॅल्शियमचं वेगळं डोसिंग लागत नाही, पाणी बदललं की पुरतं. ग्रीन स्टार पॉलिप घेतलं तर वेगळ्या सुट्या दगडावर ठेवा, नाहीतर वर्षभरात सगळा खडक त्याचाच होतो. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला, आणि ते चिकटलेला खडक कधीही उकळू नका किंवा घासू नका. काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं आणि त्याची वाफ श्वासात गेली तर जिवावर बेतू शकतं.

आता तुमचा तास. रोज दोन मिनिटं: मिनिटभरात संपेल एवढीच चिमूट अन्न आणि तापमानावर एक नजर. तीन-चार दिवसांनी फ्लॉस बदला; हे टाळलं तर अडकलेली घाण तिथेच कुजते. आठवड्याला काच घासणं, खारेपणा मोजणं, एटीओचा डबा भरणं. पंधरवड्याला १५ लिटर पाणी बदला, म्हणजे साडेपाचशे ग्रॅम मीठ. नवं पाणी टाकीइतकंच खारं आणि तितकंच कोमट हवं. महिन्यातून एकदा नायट्रेट, फॉस्फेट आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषायची क्षमता, डीकेएच या एककात) मोजा. नायट्रेट ५ ते २० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१, अल्कलिनिटी ८-९ डीकेएच असली की मऊ कोरल खूश. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणायच्या मागे लागू नका. दोन्ही शून्य झाले की बऱ्याचदा डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव) येतात: तपकिरी, चिकट, बुडबुडे धरलेल्या शेंबडासारख्या तारा. रात्री त्या कमी दिसतात आणि दिवे लागल्यावर परत पसरतात. तेव्हा उलट थोडं जास्त खायला घालायचं आणि पाणी बदलणं काही काळ थांबवायचं असतं.

वीज गेली तर मासे आधी ऑक्सिजनअभावी मरतात, थंडीने किंवा गरमीने नंतर. वीज जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअरपंप लावून ठेवा.

घर आठवडाभर बंद ठेवायचं असेल, तर दोन आठवडे आधी एटीओ आणि गोळ्यांचा ऑटोफीडर तुमच्या समोर चालवून बघा. निघायच्या आदल्या दिवशी पाणी बदलू नका, नवं काही जोडू नका. बदल करायचाच असेल तर चार दिवस आधी, म्हणजे काही चुकलं तर दिसेल. निघताना एटीओचा डबा काठोकाठ भरा. रोज २ लिटर उडत असेल तर १४ लिटर बरोबर सात दिवस पुरतात, त्यापुढे एक दिवसही नाही. शेजारी येणार असतील तर अन्नाचा डबा त्यांच्या हाती देऊ नका. एकेका दिवसाची चिमूट औषधाच्या गोळ्यांच्या खणांच्या डबीत भरून ठेवा, आणि एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घालायचं नाही, हे डबीवरच लिहून चिकटवा.