पॉइंट बाबांच्या नावावर टाकायचे नाहीत

मी इंग्लंडमध्ये वकिली करते, त्यातही मुख्यतः गाडी चालवण्यावरून होणारे खटले. स्लाऊ, हॅरो, लेस्टर, मिल्टन कीन्स इथल्या मराठी मंडळींचे प्रश्न येत असतात. गावं बदलतात, गोष्ट तीच असते: घरी पोलिसांचं पत्र आलंय, मित्र म्हणतो काही होत नाही, म्हणून पत्र फ्रिजवर चुंबकाखाली अडकवून ठेवलंय. त्यातले काही प्रश्न इथे एकत्र घेते. उत्तरं इंग्लंड आणि वेल्सपुरती आहेत, स्कॉटलंडमध्ये काही बाबतीत वेगळा कारभार आहे.

प्रश्न: किती पॉइंट झाले की लायसन्स जातं?

पॉइंट म्हणजे वाहतुकीच्या गुन्ह्यासाठी लायसन्सवर चढणारे दंडाचे गुण. तीन वर्षांत १२. मग कोर्ट साधारणपणे किमान सहा महिन्यांची बंदी घालतं. ही तीन वर्षं गुन्ह्याच्या तारखेपासून गुन्ह्याच्या तारखेपर्यंत मोजतात, दंड कधी भरला त्यावर नाही. गोंधळ होतो तो रेकॉर्डमुळे. बहुतेक पॉइंट रेकॉर्डवर चार वर्षं दिसतात, पण शेवटच्या वर्षी ते बेरजेत धरत नाहीत. दारू पिऊन चालवल्याची नोंद मात्र ११ वर्षं राहते, आणि तिथे पॉइंटांचा हिशेब करत बसायची वेळच येत नाही, निदान १२ महिन्यांची थेट बंदी येते.

प्रश्न: ताशी ३० मैलांच्या रस्त्यावर ३५ ने सापडलो. 'दहा टक्के अधिक दोन' सूट असते ना?

नाही. कॅमेरा कधी कारवाई करतो याचं ते पोलिसांचं आपापसातलं मार्गदर्शन आहे, तुमचा हक्क नाही. कायद्याने ३१ सुद्धा गुन्हाच. आणि त्याच सूत्राने हिशेब केलात तरी ३० चे दहा टक्के ३, अधिक २, म्हणजे ३५. तिथेच तर तुम्ही सापडलात!

तुम्हाला बहुधा स्पीड अवेअरनेस कोर्स, म्हणजे वेगाच्या धोक्यांबद्दलचा वर्ग, देऊ करतील. मिळाला तर घ्या. पैसे भरावे लागतात, पण १०० पौंड दंड आणि ३ पॉइंट टळतात. मागच्या तीन वर्षांत असा कोर्स केला असेल तर पुन्हा मिळणार नाही. वेल्समध्ये जाणाऱ्यांसाठी एक आठवण: सप्टेंबर २०२३ पासून तिथे वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांची मर्यादा २० आहे. कार्डिफला जाऊन आल्यावर आठवडाभराने पत्र आलं म्हणून तक्रार करणारे दर महिन्याला भेटतात.

प्रश्न: पुण्यात २२ वर्षं गाडी चालवली आहे. इथली टेस्ट मागच्या वर्षी पास झालो. मोबाइल हातात घेतला म्हणून ६ पॉइंट लागले. १२ ला अजून अवकाश आहे, बरोबर?

चूक, आणि महागात पडणारी चूक. इथे पहिली टेस्ट पास झाल्यापासून दोन वर्षं तुम्ही 'नवे चालक'. सिंहगड रस्त्यावर काढलेली २२ वर्षं या हिशेबात शून्य. १९९५ च्या नव्या चालकांच्या कायद्याप्रमाणे या दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्द होतं. कोर्टात सुनावणी नाही, डीव्हीएलएचं (लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याचं) पत्र येतं आणि संपलं. पुन्हा प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन्स) काढा, एल लावा, शेजारी कोणाला तरी बसवा, लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा परत द्या. हातातल्या मोबाइलचे ६ पॉइंट एकदम लागतात, त्यामुळे एका मेसेजमध्ये काम तमाम होतं.

गुन्हा त्या दोन वर्षांत घडला असेल तर निकाल नंतर लागला तरी सुटका नाही. प्रोव्हिजनलवर लागलेले, मुदत न संपलेले पॉइंटही पुढे येतात. म्हणजे शिकताना ३ आणि पास झाल्यावर ३ लागले तरी लायसन्स गेलंच. दंड भरून मोकळं होण्याआधी वकिलाशी बोला, कारण प्रकरण कोर्टात असेल तर काही वेळा पॉइंटांऐवजी अल्पकाळाची बंदी मागता येते. ती मिळेलच असं नाही, पण दंड भरून टाकल्यावर तो रस्ताच बंद होतो.

प्रश्न: सिग्नल लाल होता, गाडी थांबलेली, फक्त फोटो काढला. तरी गुन्हा?

हो. मार्च २०२२ पासून हातात घेऊन केलेला जवळजवळ प्रत्येक वापर त्यात येतो, सिग्नलला थांबून केलेलासुद्धा.

प्रश्न: वेग ओलांडल्याचं पत्र १६ व्या दिवशी आलं. १४ दिवसांच्या आत आलं नाही तर केस बाद होते असं ऐकलं.

ज्यांच्याकडून ऐकलं त्यांनी अर्धंच सांगितलं. १४ दिवसांची अट आहे ती गाडीच्या नोंदणीत ज्याचं नाव त्याच्यापर्यंत पहिलं पत्र पोचण्याबाबत. गाडी कंपनीची किंवा लीजवर असेल तर पहिलं पत्र त्या कंपनीकडे जातं, ते तुमचं नाव कळवतात, मग तुमचं पत्र येतं. ते चार आठवड्यांनी आलं तरी चालतं. गाडी स्वतःच्या नावावर असेल आणि खरंच उशीर झाला असेल, तर पाकीट जपून ठेवा आणि सल्ला घ्या. पत्रासोबतच्या फॉर्मवर गाडी कोण चालवत होतं ते २८ दिवसांत कळवायचं असतं, त्या मुदतीतच. उत्तर न देणं हा वेगळा गुन्हा आहे. त्याचेच ६ पॉइंट आणि १,००० पौंडांपर्यंत दंड. वेगाचे ३ वाचवायला जाऊन ६ घेणारे बरेच आहेत.

मागे एक गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन माझ्याकडे आले. पिशवीत सहा महिन्यांची न फोडलेली पाकिटं. घर बदललं होतं, गाडीच्या लॉगबुकवर (नोंदणीच्या कागदावर) जुना पत्ता. नव्या भाडेकरूने भलेपणाने सगळी टपाल जमवून ठेवली होती. त्यात त्यांच्या गैरहजेरीत झालेली शिक्षासुद्धा होती, ती त्यांना माझ्या टेबलावर कळली. असं झालं तर कळल्यापासून २१ दिवसांत शपथपूर्वक निवेदन देऊन प्रकरण पुन्हा उघडता येतं. त्यानंतर कोर्टाची मनधरणी. पत्ता लायसन्सवर आणि लॉगबुकवर, दोन्ही ठिकाणी बदलायचा. सरकारी संकेतस्थळावर हे फुकट होतं. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं शोधात सर्वांत वर दिसतात, तिथे कार्डाचा नंबर टाकू नका.

प्रश्न: आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले आहेत. कॅमेऱ्यात माझी गाडी आली. माझे आधीच ९ पॉइंट आहेत. फॉर्मवर बाबांचं नाव टाकलं तर? त्यांच्याकडे भारतीय लायसन्स आहे आणि ते परत जाणारच आहेत. सगळे असंच करतात.

हा प्रश्न मला वर्षात इतक्या वेळा येतो की बाकी सगळं संक्षेपात उरकून मी इथे जरा जास्त वेळ थांबणार आहे.

पहिली गोष्ट, हे 'पॉइंट वळवणं' नाही. कायद्यात त्याला न्यायप्रक्रियेची दिशाभूल म्हणतात आणि त्याची कमाल शिक्षा जन्मठेप आहे. जन्मठेप कोणाला होत नाही, पण तुरुंगवास होतो. क्रिस ह्यून ब्रिटनचे ऊर्जामंत्री होते. २००३ मध्ये त्यांच्या गाडीने वेग ओलांडला आणि पॉइंट पत्नी विकी प्राइस यांनी आपल्या नावावर घेतले. दहा वर्षांनी, मार्च २०१३ मध्ये, दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली. मंत्रिपद आधीच गेलं होतं. मूळ गुन्हा वेगाचा होता!

आता तुमच्या घरचं बघू. तुम्ही बाबांचं नाव लिहिलं की बाबांच्या नावाने दुसरा फॉर्म येतो. त्यावर 'गाडी मीच चालवत होतो' म्हणून सही बाबांनी करायची असते. म्हणजे सत्तरीतल्या माणसाकडून तुम्ही खोटी सही घेताय, आणि तीही परक्या देशात. पोलीस फोटो मागवतात. काही फोटोंत चालकाची जागा स्वच्छ दिसते. एका प्रकरणात फोटोत दाढी होती आणि ज्यांचं नाव टाकलं त्यांना आयुष्यात दाढी नव्हती. दुसऱ्यात गुन्ह्याच्या दिवशी सासरे अजून मुंबईतच होते, त्यांच्या पासपोर्टवरचा इथे आल्याचा शिक्का दोन दिवसांनंतरचा निघाला.

आणि समजा सगळ्यांनी विश्वास ठेवला. पुढचा प्रश्न येतो: बाबांचं नाव तुमच्या इन्शुरन्सवर होतं का? बहुतेक घरांत नसतं. मग तुम्ही स्वतःच्या सहीने कबूल केलंत की विम्याशिवाय माणसाला गाडी चालवायला दिली. त्याचे ६ ते ८ पॉइंट, तुमच्याच लायसन्सवर. नऊ आणि सहा किती होतात ते तुम्हीच बघा.

राहिलं 'ते परत जाणारच'. भारतीय लायसन्सवालाही डीव्हीएलएच्या नोंदीतून सुटत नाही, परदेशी लायसन्सवाल्यांसाठी इथे वेगळी नोंद तयार होते. आणि बाबांना पुढच्या वर्षी नातवाच्या मुंजीला पुन्हा व्हिसा लागणार आहे.

सगळे असंच करतात, हे मला मान्य नाही. पकडले गेलेले सांगत नाहीत, एवढंच. नऊ पॉइंट असताना कोर्टात उभं राहून सांगण्यासारखं बरंच काही असू शकतं. खोटा फॉर्म गेल्यावर काही उरत नाही. कोण चालवत होतं हे खरंच आठवत नसेल, नवरा-बायको आळीपाळीने चालवत असाल, तर पोलिसांकडे फोटो मागा, त्या दिवसाचे मेसेज आणि कार्डाचे व्यवहार तपासा. पुरेसा शोध घेऊनही कळलं नाही हा बचाव कायद्यात आहे, पण शोध घेतल्याचं दाखवावं लागतं. २८ दिवस संपायच्या आत कोणा वकिलाकडे जा. २७ व्या दिवशी रात्री ११ वाजता मला व्हॉट्सॲप करू नका.

प्रश्न: भारतीय लायसन्सवर इथे किती दिवस चालवता येतं? मध्ये महिनाभर नाशिकला जाऊन आलो, तर वर्ष नव्याने सुरू होतं ना?

इथे राहायला आल्यापासून १२ महिने. गाडी घेतल्यापासून नाही, आणि सुट्टीने घड्याळ मागे जात नाही. आंतरराष्ट्रीय परमिटनेही वाढत नाही. भारतीय लायसन्स इथे बदलून मिळत नाही, टेस्ट द्यावीच लागते, आणि टेस्टच्या तारखेसाठी बरीच वाट बघावी लागते. सहाव्या महिन्यात अर्ज करा. १३ व्या महिन्यात पोलिसांनी थांबवलं तर पॉइंट लागतात, गाडी जागेवर जप्त होऊ शकते, आणि विमा लागू होता का हा वाद वेगळा.

प्रश्न: १२ झाले. एका फर्मची जाहिरात पाहिली, 'लायसन्स हमखास वाचवतो'. विश्वास ठेवू का?

'हमखास' शब्द दिसला की पान बंद करा. १२ वर बंदी टाळण्याचा एकच नेहमीचा मार्ग आहे, असाधारण हालअपेष्टा सिद्ध करणं. शपथेवर सांगावं लागतं, कागद दाखवावे लागतात. नोकरी जाईल एवढं म्हणून सहसा भागत नाही. तुमच्यावाचून आजारी आईचं डायलिसिस कसं होईल, असं काही खरं असेल तर ऐकतात. एकदा वापरलेलं कारण तीन वर्षांत पुन्हा चालत नाही. फी आधी लेखी घ्या आणि कोर्टात कोण उभं राहणार ते विचारा. फोनवर गोड बोलणारा आणि कोर्टात येणारा एकच असतो असं नाही.

प्रश्न: ओळखीतल्या एकाने व्हॉट्सॲपवरून अर्ध्या किमतीत इन्शुरन्स काढून दिला. कागद आला आहे.

कागद कोणीही छापतो. मोटर विम्याच्या राष्ट्रीय नोंदीत तुमच्या गाडीचा नंबर आजच तपासा. पॉलिसी खोटी निघाली तर 'मला माहीत नव्हतं' याने गुन्हा टळत नाही. ३०० पौंड, ६ पॉइंट. नवे चालक असाल तर वरचं तिसरं उत्तर पुन्हा वाचा.

प्रश्न: नागरिकत्वाच्या अर्जात ३ पॉइंट लिहायचे का?

फॉर्म जे विचारतो ते सगळं लिहायचं. साधी फिक्स्ड पेनल्टी (कोर्टात न जाता भरलेला ठरावीक दंड) आणि कोर्टातली शिक्षा यांत फरक आहे, पण लपवणं दोन्हीपेक्षा वाईट. कोर्टाची शिक्षा असेल तर अर्ज भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा. तो माझा विषय नाही.

प्रश्न: माझे नक्की किती पॉइंट आहेत ते कुठे कळेल?

डीव्हीएलएच्या संकेतस्थळावर. लायसन्स नंबर, नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि पोस्टकोड टाका. दोन मिनिटं लागतात, फुकट आहे. मला फोन करण्याआधी हे करा.