चाळिशीनंतर नर्स म्हणून जर्मनीला यायचं असेल तर : जळगावच्या एका ताईंना उत्तर

ताई, तुम्ही लिहिलंय : वय ४२, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, जळगावच्या खाजगी दवाखान्यात इन्चार्ज सिस्टर, मिस्टरांची रावेरकडे केळी, मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत. या वयात जर्मनीत नव्याने सुरुवात होईल का, हा तुमचा प्रश्न. मी चोपड्याची, चाळिशीच्या उंबरठ्यावर इथे आले, स्टुटगार्टजवळ वॉर्डात काम करते. होईल, ताई. पण राजीनामा आत्ता देऊ नका आणि सुरुवात याच महिन्यात करा.

घाई का, ते सांगते. पंचेचाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा नोकरीसाठी येणाऱ्याला ठरावीक पगार दाखवावा लागतो, नाहीतर म्हातारपणाची पुरेशी तरतूद. २०२५ साली ही मर्यादा वर्षाला ५३,१३० युरो होती. नव्या नर्सचा पगार सहसा तिथे पोचत नाही. नोकरी सांभाळून बी२ पर्यंत, म्हणजे सहापैकी चौथ्या पातळीपर्यंत, जर्मन शिकायला दीड-दोन वर्षं धरा, म्हणजे तुमच्या हातात फार वेळ उरत नाही.

नर्सचं लायसन्स बी२ शिवाय मिळत नाही. वर्ग ऑनलाइन करा, परीक्षेला पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जा. वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं असे चार भाग, प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत. एक भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो, म्हणून खचू नका. इथले आजी-आजोबा मात्र श्वाबिश बोलीत बोलतात. पुस्तकी मराठी शिकून कुणी थेट अंमळनेरच्या खेड्यात अहिराणी ऐकायला बसावं, तसं पहिले काही महिने होतं. कान हळूहळू तयार होतो.

खरा बदल कामात आहे आणि त्याबद्दल एजंट बोलत नाहीत. आपल्याकडे पेशंटला पुसणं, भरवणं, डायपर बदलणं नातेवाईक नाहीतर मावशी करतात. इथे ते नर्सचंच काम आहे. आपण वर्षानुवर्षं कमावलेला सलाइन लावण्याचा हात फारसा कामी येत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी शीर डॉक्टरच धरतात. लायसन्स येईपर्यंत मदतनिसाचा पगार मिळतो, आणि पंचविशीतली सहकारी पेशंटसमोर तुमचं व्याकरण सुधारते. इन्चार्ज राहिलेल्या बाईला हे लागतं. तरी माझं ठाम मत आहे की तुमचा अनुभव इथेच उपयोगी पडेल. अंग पुसताना टाचेवरची लाली, पायाची सूज, श्वासातला फरक जुन्या सिस्टरच्या नजरेतून सुटत नाही. वॉर्डात मान मिळायला लागतो तो तिथून.

कागदांत महत्त्वाचं म्हणजे तुमच्या नर्सिंग स्कूलकडून विषयवार थिअरीचे आणि क्लिनिकल पोस्टिंगचे तास, सही-शिक्क्यानिशी. जुन्या बॅचचं रेकॉर्ड शोधायला वेळ जातो, म्हणून आजच अर्ज द्या. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशनही चालू ठेवा. इथले अधिकारी ते तास ताडून काय कमी पडतं ते कळवतात. मग परीक्षा द्यायची किंवा वॉर्डात राहून अभ्यासक्रम पूर्ण करायचा. परीक्षा लवकर आटपते, पण तुम्हाला मी अभ्यासक्रमच सुचवेन. तिथे भाषा आणि कामाची पद्धत सोबतच अंगवळणी पडते.

एजंट लाखांत पैसे मागत असेल तर उठून या. भारतात नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. त्याची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर बघा. करारात ‘लवकर नोकरी सोडल्यास खर्च परत’ असं कलम असेल तर सही करण्याआधी रक्कम आणि मुदत विचारून घ्या.

आता मुलं. इथल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटली जातात. मुलगा लहान आहे, भाषा पटकन उचलेल. मुलीचं अवघड आहे. तुम्ही निघाल तेव्हा ती दहावीच्या आसपास असेल, आणि त्या वयात नव्या भाषेत गणित-विज्ञान शिकायचं. तिला आधी विचारा, आणि ती नको म्हणाली तर दहावी तिथेच होऊ द्या. पहिलं वर्ष तुम्ही एकट्याच या. कुटुंबाला पुरेल एवढं घर इथे मिळायलाही वेळ जातो.

मिस्टरांनी केळीची कांदेबाग नेहमीसारखी लावावी, व्हिसाच्या भरवशावर शेत पडीक ठेवू नये. पण जर्मनच्या पहिल्या पातळीच्या, ए१ च्या वर्गाला त्यांनाही बसवा. तुमच्या तासांचा कागद हाती आला की मला पाठवा, मी बघून सांगेन.