रणथंबोर, भरतपूर, आग्रा, जयपूर: आईबाबांना ग्रुप टूरने पाठवावं की गाडी करून? आणि वाघ दिसला नाही तर पैसे वाया जातील का?

वाघाचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण तुमच्या प्रश्नातलं ते 'पैसे वाया' मला झोंबलं. वाघ दिसेल की नाही हे कोणीही सांगू शकत नाही. जो 'शंभर टक्के दाखवतो' म्हणतो त्याच्याकडे बुकिंग करू नका. एवढंच. आता बाकीचं.

मी पुण्यातल्या एका टूर कंपनीत बरीच वर्षं टूर लीडर होतो. पहाटे खोल्यांची दारं वाजवणारा, बसमध्ये डोकी मोजणारा, रात्रीच्या जेवणानंतर 'उद्या पाच-सहा-सात' अशी घोषणा करणारा तो माणूस. (पाचला उठायचं, सहाला नाश्ता, सातला बस.) दिवाळी ते फेब्रुवारी याच पट्ट्यात असायचो. त्यामुळे ग्रुप टूरला मेंढरांचा कळप म्हणणाऱ्यांचाही राग येतो, आणि ग्रुप टूर काढणाऱ्यांचाही. दोन्हींची कारणं पुढे येतील.

आधी एक गोष्ट, जी ब्रोशरमध्ये नसते. रणथंबोरला वाघ दिसण्याचे सर्वांत चांगले दिवस एप्रिल ते जून, कारण पाणी आटतं, धोंकाची झाडं उघडी पडतात आणि वाघ तळ्यांवर येतो. भरतपूरचे परदेशी पाहुणे पक्षी मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दोन्ही एकाच टूरमध्ये घालायचं म्हणजे एकाच्या हंगामात दुसऱ्याला जायचं. कंपन्या थंडी निवडतात, कारण जूनमध्ये आग्र्याला ज्येष्ठ नागरिक कोण नेणार? म्हणजे तुमची टूर मुळात पक्ष्यांची आणि महालांची आहे. जाहिरातीत फोटो वाघाचा असतो.

एका टूरला नागपूरचे एक काका होते. मुंबई-दिल्ली रेल्वेच्या मुख्य मार्गावर सवाई माधोपूर, म्हणजे रणथंबोरचं स्टेशन, येतं, तिथे उतरल्यापासून 'आमच्या ताडोबात' सुरू झालं. ताडोबात हे असं नसतं, ताडोबात जिप्सी वेळेवर येते, ताडोबात आम्हाला कधी रिकाम्या हाताने यावं लागलं नाही. ग्रुप मोठा, त्यामुळे आम्हाला दोन कँटर मिळाले, आणि दोघांना वेगवेगळे झोन, म्हणजे जंगलाचे वेगवेगळे भाग. कँटर म्हणजे वीस आसनांचं उघडं वाहन, जिप्सीत सहा जण बसतात. काका माझ्या कँटरमध्ये. डिसेंबरची पहाट, अंगावर हॉटेलचं ब्लँकेट, कानटोपीतून फक्त नाक बाहेर. धुळीत वाघिणीच्या पायाचे ताजे ठसे दिसले. सांबराने धोक्याची हाक दिली. गाइडने गाडी बंद करायला लावली. सगळे श्वास धरून बसलो. आणि काहीही झालं नाही.

दुसऱ्या कँटरसमोरून वाघीण रस्ता ओलांडून गेली.

टूर लीडरच्या आयुष्यात याहून वाईट सकाळ नसते. वाघ कोणालाच न दिसणं परवडतं. अर्ध्या बसला दिसला की बसमध्ये दोन जाती तयार होतात. नाश्त्याला एकीकडे मोबाइल फिरत होते आणि दुसरीकडे काका मला विचारत होते की सफारीचा खर्च टूरच्या रकमेतून वजा कसा करून मिळेल.

त्या सकाळी आमच्या कँटरने काय पाहिलं ते मी सांगतो, कारण काकांनी कधी सांगितलं नसेल. आमचा गाइड जवळच्या गावचा तरुण मुलगा. एका उजाड जागी त्याने पडकी विहीर दाखवली आणि म्हणाला, आमच्या आजोबांचं शेत इथं होतं. 1973 साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत रणथंबोर होतं, आणि त्या दशकात आतली गावं उठवून बाहेर वसवली. त्या वेळचे अधिकारी फतेहसिंह राठोड यांचं नाव तिथे आजही निघतं, कोणी आदराने काढतं, कोणी कडवटपणे. तो मुलगा दोन्ही न करता नुसतं सांगत होता: इथे मंदिर, इथे पाणी, इथून शाळेची वाट. तुमच्या टूरच्या कार्यक्रमात 'ग्रामीण जीवनाचा अनुभव' लिहिलं असेल ना? तो अनुभव म्हणजे रिसॉर्टच्या मागे उंटगाडी, डोक्याला फेटा आणि चुलीपाशी बसवलेल्या बाईबरोबर फोटो. पस्तीस माणसं एका गावात उतरली की तिथे जत्रा भरते, गाव दिसत नाही. मला विचाराल तर त्या टूरमधलं खरं गाव त्या विहिरीपाशी होतं, आणि आम्ही तिथे चार मिनिटं थांबलो, कारण पुढे सगळ्यांना वाघ हवा होता.

दुसऱ्या दिवशी भरतपूर. तिथलं पक्ष्यांचं उद्यान, केवलादेव घना, आकाराने लहान, 29 चौरस किलोमीटरच्या आत. बस फाटकाबाहेर ठेवायची आणि सायकलरिक्षाने आत जायचं. हे रिक्षावाले वनखात्याने तयार केलेले, त्यांतले बरेचसे सरदारजी, आणि पक्ष्यांच्या बाबतीत अनेक पदवीधरांना पाणी पाजतील असे. काकांच्या रिक्षावाल्याने त्यांना बाभळीच्या ढोलीतला पिंगळा दाखवला, मग चित्रबलाकांची वसाहत, मग लांब गवतात सारसाची जोडी. काका म्हणाले, सारस तर आमच्या गोंदियाला पण आहेत. खरं आहे, आहेत. पण काकांनी ते गोंदियाला जाऊन पाहिले होते का, हे त्यांच्या पत्नीने विचारलं आणि काका गप्प झाले.

केवलादेवाच्या देवळाजवळ दगडी फलक आहे, पूर्वीच्या शिकारींचा हिशेब कोरलेला. 12 नोव्हेंबर 1938, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो, एका दिवसात 4,273 पक्षी. फलकासमोर बसमधले सगळे हळहळले. मी त्यांना पुढची गोष्ट सांगितली, जी हळहळण्याइतकी सोपी नाही. 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर गावकऱ्यांच्या म्हशींना चराई बंद केली. विरोध झाला, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. आणि नंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासातून निघालं की म्हशी गेल्याने पाणथळीत गवत माजलं आणि पाणपक्ष्यांची जागा आकसली. सायबेरियन क्रौंच तर 2002 नंतर तिथे आलेच नाहीत, त्यांची कारणं आणखी वेगळी, वाटेतल्या शिकारीपासून सुरू होणारी. हे सगळं गाडी करून गेलेल्या माणसाला कोण सांगणार? ड्रायव्हर फाटकाबाहेर झोपलेला असतो.

आता माझ्या दुखऱ्या जागेवर येतो.

भरतपूरहून उत्तरेला 35 किलोमीटरवर डीग आहे. भरतपूरचा राजा सूरजमल जाट, त्याचे जलमहाल. दोन तलावांच्या मध्ये गोपाल भवन, केशव भवन, बाग, आणि शेकडो कारंजी. छतावर भलीमोठी टाकी, तिच्यात बैलांच्या मोटेने पाणी चढवायचे, आणि भोकांचे बूच काढले की कारंजी उडायची. पाण्यात रंगाच्या पुरचुंड्या सोडायचे. माझ्या मते त्या सगळ्या पट्ट्यात डीगइतका देखणा आणि इतका रिकामा महाल दुसरा नाही. पण ते जाऊ द्या. 14 जानेवारी 1761 नंतर पानिपतावरून उपाशी, जखमी, नागवलेले जे मराठे परत फिरले, त्यांना या सूरजमलाने आणि राणी किशोरीने खायला दिलं, कपडे दिले, औषधपाणी केलं आणि ग्वाल्हेरच्या वाटेला लावलं. बाजीराव-मस्तानीचा मुलगा शमशेर बहाद्दर जखमी होऊन याच मुलखात पोचला आणि इथेच वारला. पुढे 1804 ला यशवंतराव होळकरांचं सैन्य याच डीगपाशी इंग्रजांशी लढलं, आणि त्यानंतर भरतपूरच्या किल्ल्यावर इंग्रज सेनापती जनरल लेकचे चार हल्ले वाया गेले.

आणि आमच्या बसा, मराठी माणसांनी भरलेल्या, भरतपूरहून सरळ आग्र्याला जायच्या. का, तर दुपारी तिथे संगमरवराच्या 'कारखान्याला भेट' असायची. त्यात कोणाकोणाचा वाटा असतो ते सांगायची गरज नाही. ऑफिसला मी दर हंगामाआधी लिहून द्यायचो की डीग घाला. उत्तर ठरलेलं: डीग कोणाला माहीत आहे? लोक ताज आणि वाघाचे पैसे देतात.

त्या टूरला मी बसमध्येच हात वर करायला लावले. संगमरवर की डीग? वाघ न दिसलेली अर्धी बस माझ्यावर चिडलेली होतीच, तिने केवळ बदल म्हणून डीग निवडलं. गेलो. कारंजी बंद होती, ती जत्रेला वगैरेच सुरू करतात. काका म्हणाले, बंद कारंजी दाखवायला आणलंत. पण परत निघालो तेव्हा सांगलीच्या एक निवृत्त शिक्षिका सूरजमलाविषयी काहीतरी चांगलं बोलल्या, आणि मागच्या सीटवरून आवाज आला, 'कसला मित्र, ऐन वेळी भाऊंना सोडून गेला तो.' झालं. आग्र्यापर्यंत बसमध्ये पानिपत पेटलं. बायका, बुणगे आणि जड तोफा मागे ठेवा असं सूरजमलाने सांगितलं होतं, ते भाऊंनी ऐकायला हवं होतं की नाही. दिल्लीच्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवल्यावरून बिनसलं की आधीच. मल्हारराव पळाले की शहाणपणाने निघाले. अंताक्षरी राहिली, सीट बदलायचं राहिलं. सर्वांत मोठा आवाज नागपूरच्या काकांचा. विश्वासरावांना गोळी लागल्यावर भाऊंनी हत्तीवरून उतरायलाच नको होतं, हे ते चहाच्या थांब्यावर ड्रायव्हरलाही समजावत होते.

शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म भरतात. काकांनी लिहिलं: वाघ नाही, गैरसोय, डीग ठीक. ऑफिसने त्यातलं 'वाघ नाही' वाचलं, आणि संगमरवरवाल्याचा फोनही आला होता, त्यावर मला बोलणी बसली. पुढच्या हंगामाच्या ब्रोशरमध्येही डीग नव्हतं. अजून मला वाटतं की मीच बरोबर होतो, आणि कोणी त्या ऑफिसातलं हे वाचत असेल तर वाचू दे.

तर आईबाबा. साठीच्या पुढची दोघं, पहिल्यांदाच तिकडे, हिंदी जेमतेम: ग्रुपनेच पाठवा. सफारीचं परमिट, ओळखपत्रं, तिकिटांच्या रांगा, रात्री साडेआठला वरणभात, तब्येत बिघडली तर सोबतीला माणूस, हे सगळं ड्रायव्हर सांभाळणार नाही. पण पैसे भरण्याआधी फोन करून विचारा: ग्रुप किती जणांचा? पंचवीसच्या वर असेल तर दुसरी कंपनी बघा. सफारी कँटरने की जिप्सीने, एक की दोन? भरतपूरला पूर्ण सकाळ आहे की 'धावती भेट'? आणि जयपूरच्या जंतरमंतरला स्थानिक गाइड आहे का? तिथलं सम्राट यंत्र, म्हणजे सूर्यघड्याळ, 27 मीटर उंच आहे आणि त्याच्या सावलीवर दोन सेकंदांपर्यंत वेळ मोजता येते. ते बांधणाऱ्या सवाई जयसिंहाच्या पदरी पंडित जगन्नाथ सम्राट हा महाराष्ट्रातला ब्राह्मण होता, त्याने टॉलेमी आणि युक्लिड या ग्रीकांचे ग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणले. हे न सांगता लीडर नुसता हवामहालासमोर फोटो काढून घेत असेल तर तिथे गाडी करून गेलेलंही चालेल. जयपूर-आग्रा रस्त्यापासून थोडं आत आभानेरीची चाँद बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे, ती कार्यक्रमात नसेल तर आग्रह धरा, अर्ध्या तासाचं काम आहे. पायऱ्यांवर उतरू देत नाहीत, वरूनच पाहायची.

आणि डीग विचारा. 'डीग आहे का?' एवढंच. दहा जणांनी विचारलं तर घालतील.

मला हे काम सोडून काही वर्षं झाली, त्यामुळे सफारीचे दर आणि झोनचे नियम वनखात्याच्या संकेतस्थळावर बघून घ्या, ते बदलत असतात. जुलै ते सप्टेंबर मुख्य झोन बंद असतात. ताज शुक्रवारी बंद असतो, तारखा तपासा. त्रिनेत्र गणेशाला जायचं तर रणथंबोरचा किल्ला चढावा लागतो, गुडघे दुखत असतील तर आईंनी विचार करूनच जावं. बाबांना पाठीचा किंवा मानेचा त्रास असेल तर कँटरच्या शेवटच्या रांगेत बसवू नका म्हणून लीडरला आदल्या रात्रीच सांगून ठेवा, सकाळी त्याला कोणाचंच ऐकू येत नाही.