ती तारीख आधी रद्द करा

एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी ३४ वर्षांची. बाविसाव्या वर्षी तिनं खासगी वैमानिकाचा परवाना काढला, ७० तास उड्डाण केलं, मग नोकरी आणि संसारात १२ वर्षं विमानाकडे फिरकली नाही. आता पुन्हा उडवायचं म्हणते. वडील विचारतात, थेट व्यावसायिक परवान्यालाच लागावं का, की वय निघून गेलं? आणि शेवटी जाता जाता लिहितात, 'दोन महिन्यांनी आमच्या लग्नाला ४० वर्षं होतात. त्या दिवशी ती आम्हा दोघांना आणि तिच्या काकांना विमानातून फिरवणार आहे. सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलंय.'

तुमच्या प्रश्नाकडे नंतर येतो. मी अडकलो ते या शेवटच्या ओळीपाशी. १२ वर्षांनी परतणाऱ्या वैमानिकाच्या डोक्यावर तुम्ही एक तारीख, तीन प्रवासी आणि अख्खं गणगोत बसवलंत. त्या सकाळी ढग खाली आले, वारा धावपट्टीला आडवा सुटला, तर 'आज नको' हे तिनं कुणाच्या तोंडावर म्हणायचं? लहान विमानात घात होतो तो बऱ्याचदा इथेच. यंत्र ठीक असतं, 'आता सगळे आलेच आहेत तर' म्हणून माणूस निघतो. शिवाय हिशेब बघा. सेस्ना १७२ सारख्या विमानात चार सीट असतात, म्हणून चार मोठी माणसं आणि काठोकाठ भरलेल्या टाक्या एकत्र चालतातच असं नाही. बऱ्याचदा वजनाची मर्यादा ओलांडली जाते, मग इंधन कमी करा नाहीतर माणूस उतरवा. काकांना उतरवायचं कोणी, तिनंच ना?

आणखी एक. 'मी घातलेला पैसा' हे शब्द पत्रात तीनदा आहेत. तिला नक्की काय हवंय, हे एकदाही नाही.

तुम्ही लिहिलंय, 'सायकलसारखंच असतं, एकदा आलं की विसरत नाही.' हे अर्धंच खरं आहे, म्हणून जास्त धोक्याचं. मी काही वर्षं उजव्या सीटवर प्रशिक्षक म्हणून बसलोय. आठ वर्षांनी परतलेले एक गृहस्थ आठवतात. विमान इतकं मऊ वळवत होते की मीच सैलावलो. उतरण्यासाठी त्यांनी इंजिनाची ताकद कमी केली, पण कार्ब्युरेटरला, म्हणजे इंजिनासाठी हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागाला, गरम हवा देणाऱ्या 'कार्ब्युरेटर हीट'च्या खटक्याला हात लावला नाही. दमट हवेत, बाहेर चांगलं २० अंश तापमान असतानाही, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो. तेवढ्यात टॉवरनं काही विचारलं. त्यांनी उत्तर दिलं ते आठ वर्षांपूर्वीच्या विमानाचं नाव सांगून, आणि त्या गोंधळात वेग १० नॉटनं घसरला. त्यांना पत्ताच नाही. हातांची सवय दोन-चार फेऱ्यांत परत येते. पुसट होतो तो कामांचा क्रम, रेडिओवरचं बोलणं, एकाच वेळी तीन गोष्टींवर ठेवायचं लक्ष. धावपट्टीकडच्या शेवटच्या वळणावर हे महागात पडतं. ४५ अंश कलून उंची राखत वळलात, तर स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत तो वेग, सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो आणि सावरायला खाली उंची नसते. हात छान चालतोय म्हटल्यावर माणसाला वाटतं, सगळंच परत आलं.

म्हणून तिनं आधी वैद्यकीय तपासणी करावी, मग प्रशिक्षकाबरोबर उडावं. किती तास, ते प्रशिक्षक ठरवेल. तुम्ही नाही, मीही नाही. मुद्दाम स्टॉल करून सावरणं, आडव्या वाऱ्यातलं लँडिंग, इंजिन बंद पडल्याचा सराव, हे सगळं पुन्हा व्हावं. नियम देशागणिक वेगळे आहेत. अमेरिकेत आणि युरोपात प्रवासी न्यायचे तर मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली लागतात. ती किमान अट आहे, तयारीचं प्रमाणपत्र नव्हे.

आता व्यावसायिक परवाना. ३४ हे वय आड येत नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्यासाठी २०० तास लागतात, मान्यताप्राप्त सलग अभ्यासक्रमात १५०, आणि लॉगबुकातले तिचे ७० तास साधारणपणे धरले जातात. फक्त त्यासाठीची वैद्यकीय तपासणी जास्त कडक असते, ती पार पडेपर्यंत कुठेही शुल्क भरू नका. पण हे सगळं तिनं विचारलं तर. तिला रविवारी सकाळी तासभर एकटीनं उडून परत यायचं असेल, तर तेवढंही पुरे आहे. त्यात तुमचा पैसा बुडाला असं मला वाटत नाही. तुम्हाला वाटत असेल तर तो तुमचा प्रश्न आहे, तिचं करिअर नाही.

लग्नाच्या वाढदिवशी जेवायला जा. विमानातली फेरी पुढे कधीतरी, ती स्वतः 'चला' म्हणेल तेव्हा, एका वेळी एकच जण. आणि नातेवाइकांना फोन आजच करा, तुम्ही स्वतः. बेत रद्द झाल्याचं तिला सांगायला लावू नका.