'सी' म्हणजे हो, जर, स्वतः की आणखी काही?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: माद्रिदमध्ये 'सी' म्हणजे 'हो' हे तुम्हाला कळलं. पॅरिसमध्ये 'आता नाश्ता मिळणार नाही का?' असं विचारल्यावर हॉटेलच्या बाई ठासून 'सी!' म्हणाल्या, पण फ्रेंचमध्ये 'हो' म्हणजे 'वी' असं तुम्ही शिकला होतात. आणि ऑफिसातल्या स्लोव्हाक सहकाऱ्याच्या मेसेजमध्ये तर सारखाच 'सी' दिसतो. मग हा एकच शब्द सगळ्या युरोपात पसरलाय का?

नाही. माद्रिदचा आणि पॅरिसचा 'सी' एकाच घरातले आहेत. स्लोव्हाक 'सी'चा त्यांच्या 'हो'शी काहीही संबंध नाही.

मी पुण्यात फ्रेंच शिकवते, त्यामुळे पॅरिसपासून सुरुवात करते. त्या बाईंनी नेमका योग्य शब्द वापरला. फ्रेंचमध्ये होकाराचे दोन शब्द आहेत. साध्या प्रश्नाला 'वी'. पण समोरच्याच्या प्रश्नात किंवा बोलण्यात नकार असेल आणि तो खोडून काढायचा असेल, तर 'सी'. आपण हे काम रोज करतो, फक्त वेगळ्या साधनानं. 'चहा उरला नाही ना?' 'उरलाय की!' हा जो 'की' आहे, त्याच्या जागी फ्रेंच माणूस 'सी' म्हणतो. म्हणजे त्या बाई तुम्हाला सांगत होत्या, 'मिळेल की!' जर्मनमध्ये याच जागी 'डोख' येतो आणि डॅनिशमध्ये 'यो'.

माझ्या मराठी विद्यार्थ्यांना हा 'सी' एकदा 'की'च्या रूपात दिसला की तो कायमचा बसतो. त्यांचा गोंधळ होतो तो त्याच्या उलट बाजूला. 'तू जेवला नाहीस?' याला आपण सहज 'हो, नाही जेवलो' म्हणतो, कारण आपला 'हो' समोरच्याच्या बोलण्याला दुजोरा देतो. फ्रेंचमध्ये तिथे 'नों' म्हणजे 'नाही'च म्हणायचं. 'वी' म्हटलंत तर ऐकणारा गोंधळतो, तुम्ही जेवलात की नाही हेच त्याला कळत नाही.

आता हा 'सी' आला कुठून? लॅटिनमध्ये आपल्या 'हो'सारखा एकच ठरलेला शब्द नव्हता. 'येतोस का?' असं विचारलं तर रोमन माणूस बहुतेक वेळा क्रियापदच परत म्हणायचा, 'येतो'. आपणही तेच करतो. पोर्तुगीज लोक आजही असंच उत्तर देतात, त्यांच्याकडे 'सिं' हा सानुनासिक 'हो' असूनसुद्धा. क्रियापद परत म्हणायचं नसेल तर लॅटिनमध्ये 'सीक' म्हणत. 'सीक' म्हणजे 'असं', 'तसंच'. संस्कृतात गुरूची आज्ञा ऐकून शिष्य 'तथा' म्हणतो, तिथे 'तथा'चं जे होतं तेच इथे 'सीक'चं झालं: 'तसंच' म्हणता म्हणता तो शब्द 'हो' झाला. पोलिश भाषेनं हीच वाट स्वतंत्रपणे पकडली. तिथला 'ताक' मुळात 'असं' आणि आज 'हो'.

'सीक'मधला 'क' झिजला आणि स्पॅनिश, इटालियन, कातालानमध्ये 'सी' उरला. रोमानियनमध्ये याच 'सीक'चा 'शि' झाला, पण त्याचा अर्थ चक्क 'आणि' आहे. 'हो'साठी त्यांनी शेजारच्या स्लाव्ह भाषांमधून 'दा' घेतला.

फ्रान्सच्या भूमीवर मात्र लोकांनी दुसराच लॅटिन शब्द उचलला, 'होक', म्हणजे 'हे'. दक्षिणेत त्याचा 'ऑक' झाला. उत्तरेत 'होक इल्ले'चा 'ओईल' आणि त्याचा पुढे 'वी'. इटालियन कवी दान्तेनं चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला बोलीभाषांवर लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं या भाषांची विभागणी 'हो' कसं म्हणतात यावरूनच केली: ऑकवाले, ओईलवाले आणि सीवाले. दक्षिण फ्रान्समधल्या लांगदॉक या जुन्या प्रांताच्या नावाचा अर्थही 'ऑकची भाषा' असाच आहे. 'हो' या शब्दावरून एका मुलखाला नाव पडावं, हे मला आजही विलक्षण वाटतं. म्हणजे उत्तर फ्रान्सचा रोजचा 'हो' 'होक'मधून आला, पण 'सीक'चा 'सी'ही तिथे टिकून राहिला आणि त्यानं नकार खोडण्याचं खास काम सांभाळलं.

स्पॅनिशमध्ये खरी गर्दी आहे. तिथे 'सी' चार आहेत. एक 'हो'. दुसरा 'जर'. तिसरा 'स्वतः'. चौथा संगीतातला स्वर. पहिल्या आणि तिसऱ्याच्या डोक्यावर लिहिताना तिरकी रेघ देतात, दुसऱ्यावर आणि चौथ्यावर देत नाहीत, आणि ही रेघ विसरली तर वाक्याचा अर्थ बदलतो. 'सी, सी पुएदो' म्हणजे 'हो, जमलं तर'. कानाला दोन्ही 'सी' जवळपास सारखे.

'जर'वाला 'सी' लॅटिनमध्येही 'सी'च होता. फ्रेंच 'सिल वू प्ले' तुम्ही ऐकला असेल, त्यातही तोच आहे: 'तुम्हाला आवडत असेल तर'. गंमत म्हणजे 'जर' आणि 'हो' हे दोघे मुळात एकच निघतात. लॅटिन 'सी'चा जुना अर्थ 'अशा रीतीनं' आणि त्यालाच निर्देश करणारा 'के' जोडून 'सीक' तयार झाला.

संगीतातला 'सी' मात्र आद्याक्षरांचा आहे. अकराव्या शतकात इटलीतल्या ग्विदो द'आरेत्झो यांनी सेंट जॉनच्या एका लॅटिन स्तोत्राच्या ओळींच्या सुरुवातीवरून उत, रे, मी, फा, सोल, ला ही सहा नावं घेतली. सातवा स्वर कित्येक शतकांनी आला आणि त्याचं नाव त्याच स्तोत्राच्या शेवटच्या दोन शब्दांच्या, 'सांक्ते योहान्नेस'च्या, पहिल्या अक्षरांवरून पडलं. इंग्रजीत त्याचा 'ती' झाला तो एकोणिसाव्या शतकात. सारा ग्लोव्हर या शिक्षिकेला 'सोल' आणि 'सी' दोन्ही 'स'नं सुरू झालेले नको होते, कारण ती स्वरांची नावं आद्याक्षरांनी लिहीत असे.

'स्वतः'वाला 'सी' लॅटिन 'सिबी'पासून, म्हणजे 'स्वतःला', 'स्वतःसाठी'. इटालियन दुकानांवर 'सी पार्ला...' अशी पाटी असते, 'इथे अमुक भाषा बोलली जाते' या अर्थानं. तो 'सी'ही याच कुळातला. आणि या कुळाचा एक दूरचा नातेवाईक आपल्याकडे आहे, संस्कृत 'स्व'.

इथून तुमच्या स्लोव्हाक सहकाऱ्याकडे येते. त्याच्या मेसेजमध्ये बहुधा दोन वेगळे 'सी' आहेत आणि ते वाक्यावरूनच ओळखायचे. 'दाम सी कावू' म्हणजे 'मी कॉफी घेतो', शब्दशः 'स्वतःला देतो'. हा 'स्व'च्या कुळातला, म्हणजे स्पॅनिशच्या तिसऱ्या 'सी'चा लांबचा भाऊ. पण 'कदे सी?' म्हणजे 'कुठे आहेस?' हा दुसरा 'सी' म्हणजे 'तू आहेस'. सर्बियन, क्रोएशियन आणि स्लोव्हेनियनमध्येही 'ती सी' म्हणजे 'तू आहेस'.

हा 'सी' आपल्याला परका नाही. तो संस्कृत 'असि'चा सख्खा नातेवाईक आहे, सुरुवातीचा स्वर गळालेला. 'तत्त्वमसि'मध्ये शेवटी जो 'असि' ऐकू येतो, तोच स्लोव्हाकियाच्या राजधानीहून, ब्रातिस्लाव्हाहून, 'कुठे आहेस?' असं विचारणाऱ्या मेसेजमध्ये 'सी' होऊन येतो. पुढच्या वेळी मेसेज आला की आधी बघा, त्या वाक्यात दुसरं क्रियापद आहे का. असेल तर 'सी' बहुधा 'स्वतःसाठी'. नसेल तर तो 'आहेस'.