मंगळवारच्या मापाचा नेम

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तक्ता पाहिला. रंग झकास भरलेत. पहाटे पाचला उठणे, गार पाण्याने अंघोळ, उपवनला धावणे, ध्यान, वीस पानं वाचन, साखर बंद, संध्याकाळी पुन्हा पाऊण तास व्यायाम आणि दिवसभरात पावणेचार लिटर पाणी. 1 जुलैपासून 75 दिवस, आणि एक जरी गोष्ट राहिली तर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. ‘मावशी, तुम्ही फिजिओ आहात, कसं वाटतंय सांगा’ असं विचारलंस म्हणून नीट बसून लिहिते आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू नुसतं ‘हो हो’ केलं असतंस.

आधी झोपेचं बोलू. ऐरोलीच्या ऑफिसातून तू साडेसातला सुटतोस. मग ठाणे स्टेशन, तिथून घोडबंदरची बस, कापूरबावडीला अडकलास की घरी पोचेपर्यंत नऊ. जेवण, भांड्यांची पाळी (आई सांगत होती, फ्लॅटवर तुमच्या पाळ्या ठरल्यात, ऐकून बरं वाटलं), थोडा फोन, की साडेअकरा वाजलेच. पाचला उठायचं म्हणजे साडेपाच तास झोप. तुझ्या वयाच्या माणसाला किमान सात लागतात. चार दिवस रेटशील, पाचव्या दिवशी गजर बंद करून झोपशील आणि वर स्वतःला आळशी म्हणशील. अरे, आळस कसला त्यात? तक्ता करताना बेरीज चुकली, एवढंच.

आणि कासारवडवलीहून उपवनला धावायला जायचं? धावण्यापेक्षा जाण्यायेण्यातच जास्त वेळ जाईल. ‘ट्रेनमध्ये वाचन’ हेही असंच. ठाणे ते ऐरोली प्रवास तो केवढा, मध्ये एक दिघा गाव. दारातल्या गर्दीत उभ्याने पुस्तक उघडेपर्यंत उतरायची वेळ होते. तुझा खरा मोकळा वेळ बसमध्ये आहे, आणि त्याचा तक्त्यात उल्लेखच नाही.

हा 75 दिवसांचा प्रकार 2019 मध्ये अँडी फ्रिसेला नावाच्या अमेरिकन उद्योजकाने काढला. मानसिक कणखरपणाचा कार्यक्रम म्हणूनच तो त्याची ओळख करून देतो. ज्याला तशी परीक्षा द्यायची त्याने खुशाल द्यावी. तुझी तक्रार मात्र साधी आहे: दोन जिने चढलं की धाप लागते आणि संध्याकाळी कंबर धरते. दिवसाचे नऊ तास खुर्चीत काढणाऱ्या मुलाने एकदम रोज दीड तास व्यायाम सुरू केला, की दोनतीन आठवड्यांत तो नडग्या धरून माझ्यासारखीकडे येतो. फी मिळते, पण मला त्यात आनंद नाही.

‘चुकलं की पहिल्यापासून’ हा नियम तर मला मुळीच पटत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांवर एक अभ्यास केला होता, 2009 मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एकच नवी सवय निवडायची आणि ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडायची, जसं की नाश्ता झाला की अमुक. सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागतात असं निघालं, पण माणसागणिक फरक केवढा, तर 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंतचा अंदाज. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर मुरली, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. (21 दिवसांत सवय लागते असं जे सगळे ठोकून देतात, त्याचं मूळ एका प्लास्टिक सर्जनच्या 1960 मधल्या निरीक्षणात आहे. रुग्णाला आपला नवा चेहरा आपलासा वाटायला किती दिवस लागतात, त्याबद्दलचं.)

क्लिनिकमध्ये मला हे रोज दिसतं. गुडघेदुखीच्या माणसाला आठ व्यायामांचा छापील कागद दिला की तो कागद फ्रिजवर लागतो आणि तिथेच राहतो. दोनच सांगितले आणि कधी करायचे ते त्याच्याच घरातल्या कामाला बांधून दिलं, तर होतात. एक काकू येत असत. ‘वेळच मिळत नाही हो’ हे पालुपद. त्यांना म्हटलं, सकाळी दूध तापत ठेवलं की ओट्याला धरून उभं राहायचं, टाचा उचलायच्या, हळू टेकायच्या, दूध वर येईपर्यंत. पुढच्या खेपेला आल्या ते सांगत, की आता दूध उतू जात नाही, कारण तिथून हलताच येत नाही! टाचांचं त्या बोलल्याच नाहीत. विचारलं तेव्हा म्हणाल्या, ते होतंच की रोज.

तेव्हा तक्ता रविवारच्या उत्साहात करू नकोस. डोळ्यासमोर एखादा वाईट मंगळवार आण. धो धो पाऊस, गाड्या उशिराने, साडेसहाला साहेबांनी लावलेली मीटिंग, घरी यायला दहा, रूममेट गावाला गेल्यामुळे भांडीही तुझीच. त्या दिवशीसुद्धा जे जमेल तेच लिहायचं. बाकीचे दिवस मोठे निघाले तर चांगलंच आहे.

माझ्या मते दोनच नेम घे. पहिला चालण्याचा. बसमधून एक थांबा आधी उतरायचं आणि घरापर्यंत झपाझप चालायचं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. सलग दहा मिनिटं झाली तरच धरायची ही जुनी अट 2020 च्या शिफारशींत काढून टाकली आहे, म्हणजे तुझी आठ मिनिटंही धरली जातात. वाईट मंगळवारी? लिफ्ट सोडून तीन मजले चढ आणि तिथून पुढे लिफ्टने जा. तेवढ्यावर नेम पाळला असं समज. दुसरा नेम झोपेचा: अकरा वाजता फोन हॉलमधल्या चार्जरला लावायचा आणि आपण आत. गजराला साधं घड्याळ घे, स्टेशनबाहेर स्वस्तात मिळतं. साखर, ध्यान, गार पाणी हे सगळं दिवाळीनंतर बघू. पाणी तहान लागेल तसं पी, बाटल्या मोजत बसू नकोस.

तुझ्या आजीचा चातुर्मास तुला आठवत नसेल, तू लहान होतास. नौपाड्यातल्या त्या वाड्यात आषाढीपासून कार्तिकीपर्यंत रोज तेहतीस गोपद्मं काढल्याशिवाय त्या चहाला हात लावत नसत. नेम एकच, वेळ चहाची, सुरुवात आणि शेवट पंचांगात ठरलेला. गावाला गेल्या की राहिलेली गोपद्मं परत आल्यावर काढून टाकत, आषाढीपासून पुन्हा सुरू करत नसत. तुझ्या बाबतीत मात्र ती थकबाकी नको. तीन दिवसांचं चालणं रविवारी एकदम फेडायला गेलास तर सोमवारी लंगडशील. राहिलं ते सोडून द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी नेहमीएवढंच चालायचं. लागोपाठ दोन दिवस राहिलं तर मात्र बघ, नेमच मोठा झाला असेल. कमी कर.

हिशेबाला ॲप नको. दाराजवळ कालनिर्णय असेलच, त्याच्या चौकोनात पेन्सिलीने एक रेघ चालण्याची, एक झोपेची. मंगळवारची छोटी आवृत्ती केली असेल तर रेघ अर्धी. महिनाअखेरीस अर्ध्याच रेघा जास्त दिसल्या तरी चालेल, मला रिकामे चौकोन कुठे आहेत ते बघायचंय. आणि स्टेटसला ‘पहिला दिवस’ वगैरे टाकू नकोस. अंगठे मिळाले की अर्धं काम झाल्यासारखं वाटतं. आईला सांग, ती रोज विचारेल, त्यात तिची हयगय नसते.

जिमचं वर्षाचं शुल्क भरायचं चाललंय असंही कळलं. ऑक्टोबरपर्यंत थांब. तोवर चालणं टिकलं तर मीच सोबत येईन जिम बघायला, आणि स्नायूंसाठी आठवड्यातले दोन दिवस काय करायचं तेही लिहून देईन.

येत्या रविवारी दुपारी चारनंतर मी घरीच आहे, ये. येताना रोजचे जुने बूट घालून ये, नवे नकोत. तळ कुठे झिजलाय ते बघायचं आहे, म्हणजे कंबरेचंही काही कळेल.

आईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी